गावचा दगड आणि बेपत्ता शिपाई



आपल्याकडे, विशेषतः सातारा आणि कोकण भागात, पुष्कळ गावांत एक लहानशी संगमरवरी पाटी असते. कुठे ती चावडीच्या भिंतीत बसवलेली असते, कुठे शाळेत, कुठे देवळाजवळ. तुमच्या गावातही असेल. लहानपणापासून तुम्ही ती पाहिली असेल, पण वाचली नसेल. आता वाचता येते. जाऊन वाचा.

सन १९१४ ते १९१९ या महायुद्धात या गावातून अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक मरण पावली. एवढेच पाटीवर असते.

“मास्तर, माझ्या पणज्याचं नाव कुठं हाय ह्यात?” असे कोणी विचारील. नाव नसतेच. आकडा असतो.

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव घ्या. या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात.

हे शिपाई लढले कुठे? पुष्कळ मराठा पलटणी इराकात गेल्या. त्या मुलखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. तिथे कूत नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने त्याला वेढा घातला. आत मराठा पलटणीही होत्या. धान्य संपले. मग घोडे आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेले. वाटेत आणि कैदेत कितीतरी मेले. कोण कुठे पडला, हे पाहायला मागे कोणी नव्हते.

अशा माणसाला ‘बेपत्ता’ म्हणतात. मेला म्हणावे तर प्रेत नाही. जिवंत म्हणावे तर पत्र नाही. घरच्या बाईने काय करावे? कपाळाचे कुंकू ठेवावे की पुसावे? सासू म्हणायची, “यील गं, थांब.” शेजारी म्हणायचे, “आता कुठला येतोय!” लढाईत मेलेल्याच्या घरी दुःख असते. बेपत्ता माणसाच्या घरी दुःखही असते आणि वाटही पाहावी लागते.

पण शिपाई बेपत्ता होतोच कसा? लढाईच्या धामधुमीत मेलेल्याला तिथेच पुरतात. वर लाकडाची खूण ठेवतात. दुसऱ्या दिवशी तोफेचा मारा होतो आणि खूण उडून जाते. त्या काळी शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला असे, पण तो धातूचा नसला तर मातीत कुजून जाई. पुढे हाडे सापडली तरी ती कोणाची, हे कळत नसे. शिवाय आपल्या हिंदू शिपायांना शक्य तिथे दहन देत. त्यांची कबर नसतेच.

म्हणून युद्धानंतर मोठ्या भिंती उभारून त्यांवर नावे कोरायची पद्धत पडली. हे काम करायला १९१७ साली एक आयोग नेमला गेला. आज त्याला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. त्याचा नियम चांगला होता. साहेब असो की शिपाई, गोरा असो की काळा, कोणत्याही धर्माचा असो, सर्वांना सारखा मान द्यायचा.

नियम चांगला, पण वागणूक सगळीकडे तशी झाली नाही. इराकात बसरा येथे बेपत्ता वीरांचे स्मारक आहे. ते ४० हजारांहून जास्त माणसांसाठी आहे. त्याच्या दगडावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. अमुक पलटण, अमुक माणसे. नावे होती, पण ती दप्तरात राहिली. दगडावर आली नाहीत. आपल्या गावच्या पाटीसारखेच झाले म्हणायचे!

सन २०२१ मध्ये त्या आयोगाने स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. पहिल्या महायुद्धातल्या निदान ४५ हजार माणसांना सारखा मान मिळाला नाही, असे त्यात आहे. आणखी १ लाख १६ हजार किंवा त्याहून जास्त लोकांची नावाने नोंदच झाली नाही, असाही अंदाज आहे. यांत बहुतेक हिंदी आणि आफ्रिकी लोक होते. आयोगाने जाहीर माफी मागितली. शंभर वर्षे लागली, पण मागितली.

दुसऱ्या महायुद्धात मात्र पुष्कळ फरक पडला. त्याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे.

नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. तो मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीने हल्ला केला. समोरून मशीनगनचा मारा आला. यशवंताच्या तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. उभा राहिला तो एकटा. तो थांबला नाही. सरळ मशीनगनवर धावला. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली. एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्याच फटक्यांनी मारले. इतक्यात लपलेल्या शत्रूची गोळी त्याला लागली. वय अवघे २२.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सैन्यातला शौर्याचा सर्वांत मोठा मान तो. पण यशवंताची समाधी कुठेही नाही. इटलीत कॅसिनो येथे हिरव्या संगमरवरी शिळा आहेत. त्यांवर समाधी नसलेल्या ४ हजारांवर सैनिकांची नावे आहेत. गोऱ्यांच्या बरोबरीने तिथे यशवंत घाडगे हे नाव कोरलेले आहे. नाव आहे, आकडा नाही.

माणगावला त्याचा पुतळा आहे. सन २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावाने त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. ऐंशी वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या शिपायाची त्या गावकऱ्यांनी आठवण ठेवली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याच गावातल्या पाटीवर आपण कधी कधी जाहिरातीचा कागद डकवतो!

आता तुमच्या घरातली जुनी पेटी उघडा. पहिल्या महायुद्धातले पदक असेल तर त्याची कड नीट पाहा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण असते. घरचा माणूस कामी आला असेल, तर ताटलीएवढी काशाची गोल तबकडी सापडेल. तिच्यावर नुसते नाव असते, हुद्दा नसतो. मरण सर्वांचे सारखे म्हणून हुद्दा गाळला होता. ही तबकडी मोडीत घालू नका. पदकही घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात.

आयोगाची यादी आता मोबाइलवर फुकट पाहता येते. शाळेत जाणाऱ्या मुलाची मदत घ्या. आपली नावे साहेबांनी ऐकली तशी लिहिली आहेत, तेव्हा एकच नाव तीनचार तऱ्हांनी शोधावे लागेल. काही नोंदींत बापाचे नाव, गाव आणि तालुकाही असतो. पेन्शनचे जुने कागद असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून विचारा.

आणि गावात कोणी म्हातारे माणूस असेल तर आधी त्याच्याकडे जा. वही आणि पेन्सील बरोबर न्या. असे विचारा: “आजी, आपल्या गावातनं लढाईला कोण कोण गेलं हुतं? कोण आलं न्हाई?” त्या सांगतील ते नाव, त्याच्या बापाचे नाव आणि आळी, एका ओळीत एक, असे लिहून घ्या.