नव्या वर्षाला गुण एकच, पण कोणता?

प्रश्न : दर एक जानेवारीला मी पाच-सहा संकल्प वहीत लिहितो. पहाटे उठणे, घरखर्च लिहिणे, चिडचिड बंद, मोबाइल कमी. संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत सगळे बारगळलेले असतात. यंदा एका मित्राने सुचवले, ‘संकल्प सोड, एकच गुण धर आणि वर्षभर त्याच्या मागे लाग.’ विचार पटला. पण गुण निवडायचा कसा? एकाने भागेल का? आणि तो टिकवायचा कसा?
– एक वाचक, आरमोरी

उत्तर : मित्राचे ऐका. संकल्प एकदा मोडला की आपण वहीच मिटून टाकतो. गुणाचे तसे नसते. सकाळी घसरलो तरी दुपारी सावरता येते. मात्र निवड करताना बहुतेकांची एक गफलत होते. आपल्यात जो थोडाफार आहेच, तोच गुण ते पसंत करतात. मुळात शांत असलेला माणूस संयम घेतो, कष्टाळू माणूस मेहनत घेतो. वर्ष सुखात जाते आणि पदरात काही पडत नाही.

निवडीचा खरा धडा तुमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. वरोऱ्याचे बाबा आमटे पेशाने वकील. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते आडवे गेले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. म्हणजे निर्भयता त्यांच्या नावावर जमाच होती. पुढे पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला आणि हेच बाबा घाबरून घरी पळाले. त्या भीतीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत गेले, त्याला आडोसा करून दिला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. पण बाबांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले. आपण जिथून तोंड फिरवतो, तिथेच आपल्याला हवा असलेला गुण असतो.

ती जागा स्वतःला सहसा दिसत नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी बारा गुणांची यादी केली होती. एका स्नेह्याने त्याला तोंडावर सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. तेव्हा नम्रता हा तेरावा गुण यादीत आला. एका छोट्या वहीत रकाने आखून, चूक झाली की तो काळा ठिपका द्यायचा. त्याला सर्वांत जड गेला तो नीटनेटकेपणा, हेही त्याने आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिले आहे. म्हणून तुम्हीही घरच्यांना विचारा, ‘माझ्या कोणत्या स्वभावाचा तुम्हाला जाच होतो?’ ज्या उत्तराला तुम्ही तावातावाने ‘पण’ लावाल, तेच बहुधा खरे असेल.

एकाने भागेल का? भागते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव पाहा. तिथल्या ग्रामसभेने एक गोष्ट घट्ट धरली : कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीनेच. एकाचा जरी विरोध असला, तरी विषय पुढच्या सभेवर जातो. असे वागायचे तर दुसऱ्याचे ऐकावे लागते, धीर धरावा लागतो आणि विषय समजून घ्यावा लागतो. त्यासाठी गावात अभ्यासगटही चालला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही अनेक वर्षांची सवय होती. एक गुण नेटाने धरला की बाकीचे त्याच्यामागून येतात.

आता टिकवण्याचे. तुमच्या आरमोरी भागातले ढिवर समाजातले कुटुंब कोसा, म्हणजे रानरेशीम, कसे काढते, ते तुम्ही पाहिलेच असेल. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडल्या की महिनाभराहून अधिक काळ राखण. पाखरे हाकलायची, मुंग्यांवर नजर ठेवायची, एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. ‘आता मी चिकाटी दाखवणार’ असे तिथे कोणी म्हणत नाही. रोज झाडापाशी जायचे, एवढेच. तुम्हीही गुणाला रोजचे एक काम नेमून द्या. ‘ऐकून घेणे’ निवडले, तर रात्रीच्या जेवणात समोरच्याचे बोलणे पुरते संपल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. ‘सचोटी’ निवडली, तर किराणा दुकानाची उधारी ठरल्या तारखेला, मागायला लागण्याआधी द्यायची. ‘धाडस’ निवडले, तर आठवड्यातून एकदा तरी टाळत आलेला फोन करायचा. काम इतके लहान असावे, की धान कापणीच्या धांदलीतही सुटू नये.

गुण ठरला की तो गावभर सांगत सुटू नका. तोंडावर खरे बोलणाऱ्या एकाच माणसाला सांगा आणि महिन्याच्या शेवटी त्यालाच विचारा, ‘फरक पडला का?’ तो ‘नाही’ म्हणाला तर काम बदला, गुण बदलू नका. गुढीपाडव्याला दुसरे नवे वर्ष येईल, तेव्हाही नवा गुण शोधण्याच्या फंदात पडू नका. हाच पुढे चालू ठेवा.