शस्त्रक्रियेनंतरचा हात आणि मेंदूतील नकाशा

शल्यविशारद हाताची हाडे, कंडरा, रक्तवाहिन्या आणि तंत्रिका जोडून देतो. परंतु त्या हाताची ओळख मेंदूला नव्याने पटावी लागते. मेंदूच्या बाह्यकात शरीराच्या निरनिराळ्या भागांना ठराविक जागा असतात, हे पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली विस्ताराने दाखविले. या नकाशात हाताचा वाटा त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठा असून चेहऱ्याची जागा त्याच्या शेजारीच आहे. प्रौढपणी हा नकाशा बदलत नाही, असे पुढे कित्येक वर्षे मानले जात असे.

या समजुतीला छेद देणारे न्यूयॉर्क येथील एक संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतःच बोटे जुळलेल्या दोन प्रौढ व्यक्ती त्यासाठी निवडल्या होत्या. बोटाला स्पर्श होताच मेंदूतील कोशिकांमध्ये विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि त्याचे अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजता येते. शस्त्रक्रियेपूर्वी या व्यक्तींच्या मेंदूतील हाताचा नकाशा आक्रसलेला होता. बोटांचा क्रमही त्यात नीट लागत नव्हता. बोटे विलग केल्यावर काही आठवड्यांतच बोटांच्या जागा ३ ते ९ मिलिमीटरांनी सरकल्या. हे अंतर किरकोळ वाटेल. पण मेंदूच्या या भागात दोन बोटांमधील अंतरेही मिलिमीटरांतच मोजावी लागतात.

ल्यों येथील उदाहरण अधिकच बोलके आहे. १९९६ मध्ये दोन्ही हात गमावलेल्या एका गृहस्थांवर जानेवारी २००० मध्ये मृत दात्याच्या दोन्ही हातांचे रोपण करण्यात आले. कार्यरत भागाकडील रक्तपुरवठ्यातील बदल टिपणाऱ्या चुंबकीय प्रतिमांत असे दिसले, की रोपणापूर्वी हाताचे प्रेरक क्षेत्र चेहऱ्याच्या क्षेत्राकडे सरकले होते आणि सहा महिन्यांत ते बरेचसे मूळ जागी परतले. अर्थात, एकाच रुग्णावरून सरसकट नियम बांधता येत नाही.

हालचाल आणि संवेदना मात्र बरोबरीने परतत नाहीत. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू प्रबाहूत असतात. अशा रुग्णात ते स्वतःचेच उरलेले असल्याने नवी बोटे लवकर हलू शकतात. संवेदनेला थांबावे लागते, कारण तंत्रिकेचे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटरच वाढतात. शिवाय सारेच तंतू आपापल्या जुन्या वाटेने जात नाहीत. त्यामुळे एका बोटाचा स्पर्श दुसऱ्या बोटात जाणवू शकतो. यासाठी रुग्णाला प्रथम डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून वस्तू चाचपावयास लावतात, व पुन्हा डोळे उघडून पडताळा घ्यावयास सांगतात.