शेअर दलालाची निवड : नव्या गुंतवणूकदारांनी पाळावयाची पथ्ये

खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणाचा सांडवा किंवा बंदराची भिंत प्रत्यक्ष उभारण्यापूर्वी तिची लहान प्रतिकृती करून पाण्याचा जोर अजमावला जातो. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे आधी पारख आणि मग काम ही रीत या परिसराला परिचित आहे. याच केंद्रातून, शेजारच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून आणि आसपासच्या शाळांतून निवृत्त होणाऱ्यांच्या हाती उपदानाची व भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदम येते. आयुष्यभराच्या नोकरीची ही पुंजी शेअरबाजारात गुंतवण्याचा विचार मनात आला, तर तेथेही हीच रीत उपयोगी पडेल. मोबाईलवर खाते उघडणे आज काही मिनिटांचे काम झाले आहे. परंतु कोणाकडे उघडावे, हे ठरवण्यास मात्र पुरेसा वेळ दिला पाहिजे.

कागदापासून संगणकापर्यंत

मुंबईच्या शेअरबाजाराची स्थापना १८७५ सालची. त्यानंतर शतकाहून अधिक काळ समभाग म्हणजे कागदी प्रमाणपत्र होते. ते गहाळ होई, त्यावरील सही जुळत नसे, बनावट कागदही बाजारात येत. पुण्याचा स्वतःचा शेअरबाजारही १९८२ साली स्थापन झाला होता. २०१५ साली तो बंद झाला. १९९२ साली सेबी या नियामक मंडळास वैधानिक अधिकार मिळाले, १९९६ साली डिपॉझिटरी कायदा झाला आणि समभाग डिमॅट खात्यात संगणकीय नोंदीच्या रूपाने राहू लागले. २००० साली इंटरनेटवरून खरेदी-विक्रीस परवानगी मिळाली आणि दलालाच्या पेढीची पायरी चढण्याची गरज उरली नाही. सोय वाढली, पण दलालाचा चेहरा दिसेनासा झाल्याने पारख करण्याची जबाबदारी ग्राहकावर अधिक आली.

पहिली कसोटी : ओळख

दलाल सेबीकडे नोंदणीकृत आहे काय, हा पहिला प्रश्न होय. नोंदणी क्रमांक दलालाच्या जाहिरातीवरून न घेता सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पडताळावा. नामांकित संस्थेचे नाव व चिन्ह वापरून बनावट ॲप पसरवणाऱ्या टोळ्यांनी अनेक सुशिक्षित कुटुंबांना फसवले आहे. त्यांची पद्धत ठरलेली असते. प्रथम व्हॉट्सॲपवरील गटात समाविष्ट करावयाचे, ॲपवर खोटा नफा दाखवावयाचा, आणि रक्कम परत मागताच ‘कर’ किंवा ‘शुल्क’ म्हणून आणखी पैसे मागावयाचे. व्यक्तीच्या खासगी बँक खात्यात पैसे भरण्यास सांगितले, की तेथेच थांबावे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलालांसाठी पडताळलेले यूपीआय पत्ते सुरू झाले आहेत. दलालाच्या पत्त्यात रोमन लिपीतील ‘बी-आर-के’ ही अक्षरे व ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो.

दुसरी कसोटी : ताबा

नोंदणी असली म्हणजे निश्चिंत व्हावे, असे नाही. हैदराबादच्या कार्वी या मोठ्या व नोंदणीकृत दलाल संस्थेने ग्राहकांचे समभाग परस्पर गहाण ठेवून कर्ज उचलल्याचे २०१९ साली उघडकीस आले. हे समभाग सुमारे २,३०० कोटी रुपयांचे होते आणि ९५ हजारांवर ग्राहकांशी त्यांचा संबंध होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सेबीने संस्थेवर निर्बंध घातले. डिसेंबरमध्ये बहुसंख्य ग्राहकांचे समभाग त्यांच्या खात्यांत परत आले. ग्राहकांनी दिलेले मुखत्यारपत्र हे या गैरव्यवहाराचे साधन ठरले होते.

त्यानंतर नियम कडक झाले. तरीही समभाग आपल्याच नावाच्या डिमॅट खात्यात जमा झाले काय, हे प्रत्येक खरेदीनंतर पाहावे. दलालाच्या ॲपवरील आकड्यावर विसंबून न राहता डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरणपत्र वाचावे. कोणत्याही अधिकारपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नये. खात्यात स्वतःचाच मोबाईल क्रमांक नोंदवावा आणि वारसाचे नामनिर्देशन करावे.

तिसरी कसोटी : खर्च

समजा, दहा हजार रुपयांचे समभाग घेतले आणि काही महिन्यांनी त्याच भावाने विकले. दलाली शेकडा अर्धा रुपया असेल, तर दोन्ही वेळची मिळून शंभर रुपये व त्यावरील जीएसटी अठरा रुपये होतो. रोखे व्यवहार कर वीस रुपये आणि मुद्रांक शुल्क दीड रुपया धरल्यास सुमारे १४० रुपये खर्च येतो. म्हणजे भाव शेकडा १.४ ने वाढल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही. काही दलाल दीर्घ मुदतीच्या खरेदीवर दलाली घेत नाहीत. तेथे कर व मुद्रांक शुल्काचे साडेएकवीस रुपये आणि विक्रीच्या वेळचे डिपॉझिटरी शुल्क एवढाच मुख्य भार राहतो. खात्याचे वार्षिक शुल्कही विचारावे. एकच डिमॅट खाते असून त्यातील गुंतवणूक चार लाखांपर्यंत असल्यास, मूलभूत सेवा खात्यावर सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार हे शुल्क लागत नाही.

मात्र स्वस्त दलाली हेच आमिष ठरू शकते. दिवसातून दहा वेळा खरेदी-विक्री करणाऱ्यास स्वस्ताई वाचवत नाही. सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. एका दिवसातच खरेदी-विक्री उरकणाऱ्या दहांपैकी सात जणांनी २०२२-२३ मध्ये नुकसान सोसले. नवख्याने खाते उघडताना हे विभाग सुरूच करू नयेत आणि दलालाकडून उसने घेऊन खरेदी करू नये.

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे नियम सट्ट्यास मनाई करतात. वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टाच समजली जाते. केंद्रीय कर्मचाऱ्याचे एका वर्षातील असे व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक झाल्यास त्यांची माहिती कार्यालयास द्यावी लागते. शिक्षकांनीही आपापले सेवानियम पाहूनच पाऊल टाकावे.

तक्रार कोठे करावी

तक्रार प्रथम दलालाकडे लेखी नोंदवावी. दाद न मिळाल्यास सेबीची ‘स्कोअर्स’ ही व्यवस्था उपलब्ध आहे. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब झाल्यास रक्कम गोठवणे कठीण होते. बाजारभाव उतरल्याने झालेला तोटा मात्र कोणतीही यंत्रणा भरून देत नाही.

प्रारंभी अल्प रक्कम भरून एक खरेदी, एक विक्री आणि पैसे बँकेत परत मागवणे, हा क्रम एकदा पूर्ण करून पाहावा. ज्या दलालाकडून पैसे सुरळीत परत येतात, त्याच्याकडेच पुढची रक्कम द्यावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत एवढी माहिती सांगितली, तरी गावातील अनेकांची पुंजी वाचू शकेल.