सभासद नसलेल्यांसाठी ग्रंथालय

प्रश्न : सार्वजनिक ग्रंथालयात सभासद नसलेल्या कुटुंबांसाठी विनाशुल्क उपक्रम दिवस घेता येईल का?

उत्तर : घेता येतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यता व अनुदान मिळणारी ग्रंथालये पुस्तके घरी नेण्यासाठी वर्गणी घेत असली, तरी मुक्तद्वार विभागात, म्हणजे कोणालाही बसून वर्तमानपत्रे वाचता येतात त्या जागेत, सभासदत्वाची अट नसते; उपक्रमाचा आरंभ तेथूनच करावा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सुचतो खरा, परंतु तो कामाच्या वारी आल्यास पालकांना येणे अवघड होते, म्हणून लगतचा रविवार बरा. उपक्रम म्हणून चित्रकला स्पर्धा ठेवल्यास पालक प्रेक्षकच राहतात; त्यापेक्षा प्रकट वाचन, म्हणजे एकाने मोठ्याने वाचणे व इतरांनी ऐकणे, ठेवून वाचण्यास आजी-आजोबांना बसवावे. बालविभागातील कपाटांना त्या दिवशी कुलूप नसावे.