परदेशी व्यापाराने देश कसा वाढतो? नागपूरच्या कापसाचा आणि संत्र्याचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय ऐकायला मोठा वाटतो: आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे देशाची आर्थिक वाढ कशी होते. नागपुरात बॅच घेताना हा विषय काढला की हमखास प्रश्न येतो, "सर, आपण दोन-पाच लाखांचा धंदा करणारी माणसं. आपला याच्याशी काय संबंध?"

संबंध थेट आहे. तुमचा माल कळमन्याच्या पुढे कधी गेला नसला, तरी त्याचा भाव ढाक्यात, न्यूयॉर्कमध्ये आणि दिल्लीत घेतलेल्या निर्णयांवर हलतो. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी मूळ गणित समजून घ्या

परदेशी व्यापाराने वाढ होते म्हणजे नेमकं काय होतं? तीन गोष्टी होतात.

पहिली, गिऱ्हाईक वाढतं. गावात शंभर लोक माल घेत असतील, तर बाहेर लाखो असतात. मोठ्या प्रमाणात बनवलं की एका नगाचा खर्च उतरतो.

दुसरी, परकीय चलन येतं. त्यातून जे आपल्याकडे होत नाही ते घेता येतं: यंत्रं, तेल, औषधांचा कच्चा माल.

तिसरी, हात शिकतात. बाहेरचा गिऱ्हाईक मापात, वेळेत आणि एकसारखा माल मागतो. ती शिस्त एकदा अंगात मुरली की पुढचा माल बनवणं सोपं जातं.

आता खरा मुद्दा. या तीन गोष्टी आपोआप होत नाहीत. माल गेला, पैसा आला, एवढ्यावर देश वाढत नाही आणि धंदाही वाढत नाही. आलेल्या पैशातून घरात काय उभं राहिलं, यावर वाढ ठरते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी उदाहरणं यावरच आहेत.

1861: युद्ध अमेरिकेत, पैसा वऱ्हाडात

इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या कापड गिरण्या बहुतांश अमेरिकेच्या कापसावर चालायच्या. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि तिकडून कापूस येणं जवळजवळ थांबलं. गिरण्यांना कापूस हवाच होता. नजर वळली हिंदुस्थानकडे, म्हणजे गुजरात, खानदेश आणि आपलं वऱ्हाड-हिंगणघाट.

मुंबईत कापसाचे भाव कितीतरी पट चढले. खामगाव, अमरावती, हिंगणघाट या बाजारांची नावं इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. रेल्वेचं काम जोरात सुरू झालं. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला. कापूस लवकर बंदरात जावा, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

पण 1865 मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत येणार हे कळताच भाव कोसळले. मुंबईत तेजीच्या जोरावर निघालेल्या कंपन्या आणि त्यांचे शेअर धडाधड पडले, पेढ्या बुडाल्या. इकडे ज्वारीच्या जागी पऱ्हाटी लावलेला शेतकरी मात्र भावाच्या चढउताराला कायमचा बांधला गेला. पुढे 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले, तेव्हा हातात नगद पीक असून घरात धान्य नाही ही अवस्था किती महाग पडते ते दिसलं.

म्हणजे व्यापार झाला, पैसा आला. पण रुई बाहेर जायची आणि तिचंच कापड होऊन परत इथे विकायला यायचं. मधली सगळी कमाई लँकेशायरची.

एम्प्रेस मिल: मधली कमाई इथे आणली

या तेजी-मंदीचा फटका जमशेदजी टाटांच्या घरच्या पेढीलाही बसला होता. त्यांनी इंग्लंडमधल्या गिरण्या जवळून पाहिल्या होत्या. गिरणी काढायची तर बहुतेक जण मुंबईत काढत. जमशेदजींनी नागपूर निवडलं. हिशोब साधा होता: कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात आणि कापड घेणारी माणसं आजूबाजूला. 1 जानेवारी 1877 ला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली.

असं सांगतात की इथल्या एका सावकाराने आधी पैसे द्यायला नकार दिला होता. त्याचं म्हणणं, हा माणूस सोनं मातीत घालतोय. पुढे त्यानेच कबूल केलं की याने माती घालून सोनं काढलं.

सोनं निघालं कशातून? तोच कापूस, तीच रेल्वे. फरक एवढाच की सूत आणि कापड इथे बनू लागलं. मजुरी इथे राहिली, फिटर-मेकॅनिक इथे तयार झाले, 1880 च्या दशकात नवी रिंग पद्धतीची चात्यांची यंत्रं इथे वापरून पाहिली गेली.

लँकेशायरला हे खुपलं. 1896 मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला, जेणेकरून विलायती कापडाला स्पर्धा होऊ नये. तो 1925 पर्यंत चालू राहिला. लक्षात घ्या, कच्ची रुई पाठवताना कोणाला अडचण नव्हती. आपण पक्का माल बनवायला लागलो, तेव्हाच अडथळा आला.

एम्प्रेस मिलही कायमची टिकली नाही, 2002 मध्ये ती बंद झाली. एकदा उभारलं की झालं, असं नसतं. यंत्र आणि माल काळाबरोबर बदलत राहावा लागतो.

बांगलादेशाने काय केलं?

आता आजच्या काळात या. बांगलादेशात कापूस फारच थोडा पिकतो. तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगातल्या पहिल्या काही देशांत आहे आणि त्याच्या एकूण निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. हे कसं जमलं?

1979 च्या सुमारास देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि आपली सुमारे 130 माणसं कोरियात शिकायला पाठवली. ती परत आली, काही वर्षांत त्यातल्या अनेकांनी स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. रुई आणि सूत बाहेरून घ्यायचं, त्यात भारताचा मोठा वाटा, आणि शिवून जगाला विकायचं. त्यांनी कच्चा माल विकत घेतला आणि हातातलं कौशल्य विकलं.

आपल्याकडे एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीपासून तेल आणि ढेप. रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा शर्ट. प्रत्येक पायरीवर कोणीतरी पैसा कमावतो. तुमच्या तालुक्यात यातल्या किती पायऱ्या होतात? बऱ्याच ठिकाणी जिनिंग-प्रेसिंग झालं, गाठ बांधली आणि ट्रक निघाला, की आपला भाग संपला.

मग संत्रं का अडकलं?

आपलं संत्रं वर्षानुवर्षं बांगलादेशात जातं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या आंबिया बहाराचा तो मोठा गिऱ्हाईक. 2019 मध्ये तिथला आयात कर किलोमागे साधारण 20 टका होता. तो दरवर्षी वाढत 2023 मध्ये 88 टक्यांवर गेला.

याचा अर्थ आकड्यात बघू. समजा बागेतून 30 रुपये किलोने माल घेतला, पॅकिंग आणि ट्रकचे 10 रुपये. सीमेपर्यंत माल पडला 40 ला. 2019 च्या हिशोबाने कर साधारण 17 रुपये, म्हणजे माल 57 ला पडतो. 2023 मध्ये कर साधारण 66 रुपये, म्हणजे तोच माल 106 ला. व्यापाऱ्याचा नफा अजून धरलेलाच नाही. तिथला गिऱ्हाईक हात आखडता घेणार, आणि मग इकडे बागेतला भाव पडणार. 2023 च्या अखेरीस राज्य सरकारला निर्यातीसाठी किलोमागे 44 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं.

आता विचार करा. हाच देश आपल्या रुईला दार बऱ्यापैकी उघडं ठेवतो आणि संत्र्यावर एवढा कर लावतो. का? कारण रुई आली तर त्यांचे कारखाने चालतात आणि डॉलर मिळतात. संत्रं आलं तर डॉलर फक्त जातात. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर त्यांची परकीय गंगाजळी घटू लागली, तेव्हा त्यांनी फळांसकट अनेक वस्तूंवर कर वाढवला. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हिशोब बरोबर आहे. फटका मात्र आपल्याला बसला, कारण आपला गिऱ्हाईक मुख्यतः एकच होता.

"मग संत्र्याचा रस काढून विका ना," असं सगळे म्हणतात. तेही तितकं सोपं नाही. नागपुरी संत्र्यात बिया जास्त, साल सैल त्यामुळे लांबच्या प्रवासात फळ लवकर खराब होतं, आणि रस ठेवला की कडवट होतो. म्हणून प्रक्रियेला योग्य तंत्र लागतं. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच विषयावर काम करते. मार्च 2025 मध्ये मिहानमध्ये पतंजलीचा मोठा फूड पार्क सुरू झाला. नागपुरी संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे वाट आहे, पण ती अभ्यास करून चालायची आहे.

2025 चा दुहेरी झटका

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लागू केला. कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांना तो थेट लागला. त्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचा 11 टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ केला. गिरणीला स्वस्त रुई मिळाली. पण नेमका तोच आपला कापूस बाजारात येण्याचा हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि बाहेरून बिनकराची रुई येणार म्हटल्यावर शेतकऱ्याला बाजारभावाची चिंता लागली.

एकाच निर्णयात एकाचा फायदा, दुसऱ्याची अडचण. "व्यापार देशाला फायद्याचा" हे वाक्य खरं आहे, पण देशात तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात त्यावर तुमचा फायदा ठरतो.

तुमच्या धंद्यासाठी चार प्रश्न

1. माझा माल गिऱ्हाईकाच्या गरजेच्या यादीत आहे की चैनीच्या? तंगी आली की कर आधी चैनीवर बसतो.

2. माझी किती टक्के विक्री एकाच गिऱ्हाईकावर किंवा एकाच देशावर आहे? निम्म्याच्या वर असेल तर आजच दुसरा शोधायला लागा, चांगले दिवस असतानाच.

3. मी आणखी एक पायरी इथेच करू शकतो का? सगळी गिरणी काढायची गरज नाही. प्रतवारी, सुकवणं, पावडर, छोटं पॅकिंग, स्वतःचं लेबल, एवढ्यानेही भाव बदलतो. भिवापुरी मिरची पोत्यात विकणं आणि दळून पाकिटात विकणं यात फरक आहे.

4. हा हंगाम चांगला गेला तर नफ्यातून काय उभं करणार? ड्रायर, शीतखोली, एका माणसाचं प्रशिक्षण? की फक्त नवी गाडी?

सुरुवात कशी करायची?

निर्यातीसाठी आयईसी नंबर लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये. एप्रिल ते जूनमध्ये दरवर्षी त्यातली माहिती अपडेट करायला विसरू नका, नाहीतर तो निष्क्रिय होतो. फळं-भाजीपाला आणि प्रक्रिया केलेल्या अन्नासाठी अपेडाची नोंदणी, मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्डाची. पैसे बुडण्याच्या धोक्यासाठी ईसीजीसीचा विमा असतो, पहिल्याच ऑर्डरला त्याची चौकशी करा. कंटेनरसाठी मिहानमध्ये कॉन्कॉरचा डेपो आहे.

पण घाई करू नका. पहिलं वर्ष अनुभवी निर्यातदाराला माल पुरवून काढा. त्याचं पॅकिंग, त्याची कागदपत्रं, कुठला माल तो परत पाठवतो, हे सगळं बघा. ही शिकवणी पैसे मिळवून होते. घर किंवा शेत गहाण टाकून पहिला कंटेनर भरणं हा धंदा नाही, तो जुगार आहे.

आजचा गृहपाठ

एक कागद घ्या. डावीकडे तुमचा कच्चा माल लिहा, उजवीकडे शेवटचा ग्राहक ज्या रूपात तो वापरतो ते लिहा. मधल्या सगळ्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीनंतरचा भाव भरा. भाव माहीत नसेल तर बाजारात जाऊन विचारा, अंदाज लिहू नका. मग ज्या पायरीवर भाव सगळ्यात जास्त उडी मारतो तिथे गोल करा. ती पायरी तुमच्या आवाक्यात आणायला किती पैसे, किती महिने आणि कोणतं कौशल्य लागेल, ते खाली तीन ओळींत लिहा.

पुढच्या व्हिडिओत आपण असाच एक कागद घेऊन सीमेवरचा पूर्ण खर्च काढायला शिकणार आहोत. तेव्हा हा गृहपाठ करून ठेवा, त्याशिवाय पुढचा धडा हाती लागणार नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात!