कोयनानगरात सर्व्हर लावायचा म्हणजे

कोयनानगरात राहून लाइट जाते म्हणून तक्रार केली की पुण्यातले मित्र हसतात. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह धरून 1960 मेगावॅटचा प्रकल्प उशाला, आणि तुमच्याकडे अंधार? मग सांगावं लागतं, की पोफळीला आणि अलोऱ्याला तयार झालेली वीज मोठ्या टॉवरवरून परस्पर निघून जाते. आमच्या घरात येते ती झाडाझुडपांतून आलेल्या साध्या खांबांवरून. जुलैत एखादी फांदी तारेवर आली की डीपीवरचा फ्यूज उडतो, आणि तसल्या पावसात वायरमन येईपर्यंत बसून राहायचं. घरी गेमचा सर्व्हर चालवायचा विचार असेल तर प्रोसेसर आणि रॅमच्या आधी हे डोक्यात घ्या.

शाळेतले आम्ही पाच-सहा जण आता कराड, सांगली, पुणे असे पांगलोय. सगळ्यांचं मिळून माइनक्राफ्टमध्ये एक जग असावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. या सर्व्हरचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान हे बघावं. एवढ्या मंडळींना सर्व्हरसाठी चार जीबी रॅम मोकळी मिळाली तरी भागतं. दिसण्याची मर्यादा, म्हणजे व्ह्यू डिस्टन्स, मुळात दहा असते. ती सहावर आणली की जुनं यंत्रही सुटसुटीत चालतं. डिस्क मात्र एसएसडीच घ्या. एक तर जग उघडताना फरक कळतो, आणि दुसरं, भांडी किणकिणवणारे बारीक धक्के कोयनेला 1967 च्या भूकंपानंतरही नवे नाहीत. फिरती तबकडी कशाला ठेवा?

खरी गंमत लाइटची. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मोडवर असलेला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर उशिरा जागा होतो. पंख्याला त्याचं काही वाटत नाही, संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बऱ्याच इन्व्हर्टरला मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते आधी बघा; नसेल तर वेगळा छोटा यूपीएस घ्या आणि त्यावर राउटरही घाला. जग सेव्ह होत असताना यंत्र बंद पडलं की फाइल अर्धवट राहते. आमच्या जगाचा एक तुकडा असाच गेला. सांगलीच्या मित्राने खपून बांधलेला वाडा होता तिथे कोरी टेकडी उगवली. त्यानंतर त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘लाइट आहे का रे?’

लाइट जाण्यापेक्षा वाईट म्हणजे आकाशातली वीज. श्रावणाचा पाऊस इथे नुसता कोसळतो, कडकडाट फारसा नसतो. ढग गडगडतात ते वळवात आणि परतीच्या पावसात. अशाच एका वळवात आमचा यूपीएस ठणठणीत राहिला आणि संगणकाचं लॅनचं पोर्ट जळालं, राउटरही गेला. कारण नेटची वायर खांबावरून थेट घरात येत होती, आतून तांब्याची. लाइटच्या बाजूने केलेला बंदोबस्त तिला अडवणार कसा? फायबरमधून विजेचा लोळ येत नाही, म्हणून घरापर्यंत फायबरच मागा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गडगडायला लागलं की आई घरातले सगळे प्लग काढायला लावते. तेव्हा आम्ही कुरकुर करायचो, पण तिचंच बरोबर. फक्त आधी सर्व्हरच्या कन्सोलवर ‘स्टॉप’ द्या, मग प्लग काढा, आणि नेटची वायर विसरू नका.

दमटपणाचंही सांगून टाकतो. पावसाळ्यात दोन आठवडे बंद ठेवलेला संगणक सुरू होईना, नुसता बीप-बीप करायचा. रॅमची पट्टी काढली तर तिच्या पिवळ्या दातांवर काळपट थर. कोरड्या खोडरबराने हलक्या हाताने घासून, पुसून बसवली आणि काम झालं. तेव्हापासून पावसाळ्यात सर्व्हर वापरात नसला तरी रोज थोडा वेळ चालू ठेवतो; त्याच्याच उबेने तो कोरडा राहतो.

आता नेट. बाहेरच्या मित्रांना आत घ्यायचं तर राउटरवर 25565 हे पोर्ट उघडा, असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे ते बहुतेकदा चालत नाही, आणि माणूस आठवडाभर राउटरशी झटत बसतो. सेवा देणारा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता 10 ने किंवा 100.64 ते 100.127 पैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचं पोर्ट जगाला दिसणारच नाही. पैसे भरून स्थिर पत्ता मिळतो. पण माझं मत विचाराल तर तो घेऊ नका. टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं खासगी जाळं प्रत्येकाच्या यंत्रावर टाका. आपण पाच-सहा जण आपल्यातच जोडले जातो आणि बाहेरचं दार उघडावंच लागत नाही.

दार उघडलं तर काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकातलं भोक उघडकीस आलं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकली की सर्व्हरचं यंत्रच परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होतं. 1.18.1 या आवृत्तीत ते बुजवावं लागलं. आणि 2016 चं मिराई हे मालवेअर, ज्याने जगभरचे कॅमेरे आणि राउटर फितवले, ते लिहिणाऱ्या पोरांचा धंदाच माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्याभोवती फिरत होता. मिराई आत शिरायचं ते कंपनीतून आलेल्या पासवर्डवरून. आपल्याकडच्या किती राउटरवर अजून ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ आहे, ते एकदा गल्लीत विचारून बघा. खासगी जाळं असलं तरी व्हाइटलिस्ट चालू ठेवा आणि ऑनलाइन मोड बंद करू नका. कुणाचा तरी चुलतभाऊ ‘मला पण घ्या’ म्हणत येतोच.

बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवा. त्याच डिस्कवरची दुसरी प्रत विजेच्या दणक्यात पहिलीबरोबरच जाते. आम्ही खेळ संपला की सर्व्हर बंद करून जगाचं फोल्डर कराडच्या मित्राकडे पाठवतो, आणि महिन्यातून एकदा तो ते स्वतःच्या संगणकावर उघडून बघतो.

राहिला खर्च. सत्तर वॉट खाणारा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला पन्नास युनिट होतात, आणि घर शंभराच्या टप्प्यावरून वरच्या दरात गेलं की वडिलांची हाक येते. रोज तीन तास चालवला तर सहा-साडेसहा युनिटांत भागतं. आमच्या गटात दुपारी कुणीही खेळत नव्हतं, तरी सर्व्हर कायम चालू हवा असा सगळ्यांचा हट्ट होता. तो सोडा. खरंच चोवीस तास हवा असेल तर वर्गणी काढून मुंबईतला भाड्याचा सर्व्हर घ्या. कोयनेतल्या घरचं यंत्र संध्याकाळपुरतं ठेवा, आणि पहिल्यांदाच लावत असाल तर मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा.