राहणे कसे मोजावे?

धान्य पायलीने मोजतात, कापड मीटरने. शहरातले राहणे कशाने मोजावे?

२०१८ साली केंद्र सरकारने देशातली १११ शहरे मोजली. पाणी, घर, दवाखाना, शाळा, रोजगार अशा गोष्टींना गुण दिले. पुणे पहिले आले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी, ठाणे सहावे.

पण बघा मंडळी, मुंबईचे बरेचसे पाणी आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसा धरणांतून जाते. आपल्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्या मोजणीत पाडे नव्हतेच.

तर आपले गाव आपणच मोजू. विहीर किती पावलांवर? मे महिन्यात हंडा भरायला किती वेळ लागतो? दवाखाना किती लांब? आकडे वहीत लिहा नि ग्रामसभेत वाचून दाखवा. तोंडी बोललेले विसरते. लिहिलेला आकडा राहतो.